रंगाआधी पत्रा पाहा

आमच्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी अकोल्याहून जुनी मारुती ८०० घेतली. पांढरी, २००७ सालची. हौस म्हणून घेतली नाही. त्याच्या आईला, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीला, दर पंधरवड्याला दर्यापूरहून अमरावतीच्या दवाखान्यात न्यावे लागते. एस.टी.च्या गर्दीत तिला उभे राहवत नाही. थोडी शिल्लक, थोडे कर्ज, असे करून गाडी दारात आली. रंग तर असा चकचकीत, की शेजारी म्हणाले, "नवीच दिसते जी!"

एक पावसाळा गेला आणि दाराखालच्या फूटबोर्डावर फोड आले. नख लावले तर रंगाचा पापुद्रा पापडासारखा हातात आला. बॉनेटवर खडे लागून टवके उडालेले होते, ते वेगळेच. विकणाऱ्याने गंजावर लांबी भरून वरून रंग मारून दिला होता. आम्हीही इंजिन मेकॅनिकला दाखवले, पण रंगाला भुललो. चूक आमचीही आहे, म्हणून ती वाचकांपुढे ठेवतो.

आता नोंदणीचा प्रश्न आला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आर.टी.ओ.कडून गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. या गाडीची वाढीव मुदत संपत आलेली. गाडी पास झाली नाही, तर बहिणीचा दवाखाना पुन्हा एस.टी.वर.

पहिला पेंटर म्हणाला, पूर्ण गाडी रंगवून देतो. त्याने सांगितलेला आकडा भाच्याच्या दोन पगारांएवढा होता. मग अमरावतीतील एका वयस्क पेंटरकडे गेलो. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि फूटबोर्डावर दाबला. तो सरळ आत गेला. म्हणाले, "रंग मारून देतो बेटा, पण मारू कशावर? खाली पत्राच नाही."

चाचांनी आम्हाला जे समजावले, ते असे. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. खडा लागून टवका उडाला की ओल पत्र्यापर्यंत पोहोचते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो खालून फुगतो आणि चांगला रंगही उचलून टाकतो. म्हणून टवका आज वाटाण्याएवढा दिसला, तरी तो खालून पसरत असतो.

आपल्या वऱ्हाडात याला तीन गोष्टी हातभार लावतात. पहिली, ऊन. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उन्हाने रंग भुरकट होतो, वरचा पारदर्शक थर असेल तर त्याचे पोपडे निघतात. दुसरी, पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाणपट्टा आहे. विहिरीच्या, बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली की टवक्यात मीठ राहते आणि गंज जोराने वाढतो. तिसरी, काळी माती. तिचा चिखल दाराखालच्या आणि फूटबोर्डाच्या निथळण्याच्या भोकांत बसतो, आत पाणी साचते. भाच्याची गाडी अशीच आतून सडली. बॉनेटचे टवके मात्र बरेचसे रस्त्याचे. अकोला-अमरावती महामार्ग वर्षानुवर्षे उखडलेला होता. २०२२ च्या जूनमध्ये त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला, तोवर या गाडीने पंधरा वर्षे खडे खाल्ले होते.

चाचांनी काम दोन भागांत वाटले. सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवणे, हे कारागिराचे काम. तेथे लांबी भरून भागत नाही, कारण फूटबोर्ड हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे. टवके मात्र घरी भरता येतात. ते भाच्याने स्वतः भरले. रीत सोपी आहे, घाई तेवढी नको.

प्रथम गोड्या पाण्याने आणि शाम्पूने जागा धुवून कोरडी करावी. रॉकेलने पुसू नये, त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि नवा रंग धरत नाही. सुटलेला रंग घट्ट कड लागेपर्यंत खरवडावा. गंज १८० नंबरच्या पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासावा. खड्ड्यात काळा ठिपका राहिला, तर गंज मारणारे औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणे लावावे. मग ३२० आणि ४०० नंबरच्या वॉटर पेपरने जुन्या रंगाची कड इतकी उतरती करावी, की बोट फिरवले तर पायरी लागू नये. पत्रा उघडा झाला असेल, तर त्याच दिवशी प्रायमर लावावा. तसाच सोडला तर रात्रीच्या दवाने पुन्हा गंज धरतो. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. जाड हात ओघळतो. रबिंग-पॉलिशची घाई करू नये, दोन-तीन आठवडे थांबावे.

हे काम दिवाळीनंतर, माघापर्यंत, सकाळी सावलीत करावे. पावसाळ्यात ओल अडकते. वैशाखात पत्रा इतका तापतो, की रंग पसरण्याआधीच वाळतो.

रंग जुनाच घ्यावा, गाडीवरील पट्टीवर त्याचा क्रमांक असतो. रंग बदलायचा असेल तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी लागते, कारण नोंदणी पुस्तकात रंगही लिहिलेला असतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हाला गाडीपेक्षा मोठी वाटते. चाचांना चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून त्यांनी गन चालवली. हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडतो आणि रुमाल ते अडवत नाही. त्याला योग्य मास्क आणि हवा खेळती ठेवणारी खोली लागते. आपल्या वस्तीतील कितीतरी पोरे गॅरेजात हेच काम शिकतात. त्यांच्या आई-वडिलांनी मालकाला मास्कबद्दल जरूर विचारावे. हार्डनरचा रंग घरी मारूच नये. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. पाणी लावून घासावे आणि लेकरांना दूर ठेवावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक युक्ती. फडक्यात लहान लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावर फिरवावा. जेथे तो धरत नाही, तेथे खाली लांबीचा थर आहे असे समजावे. चटई उचलून फरशी पाहावी, फूटबोर्डाखाली हात घालावा. नवा रंग दिसला तर तो का मारला, हे विचारावे.

भाच्याची गाडी पास झाली. पूर्ण रंगाला जे लागले असते, त्याच्या चौथाईत काम झाले. बॉनेटवरील ठिपके जुन्या पांढऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत, जवळून पाहिले तर दिसतात. भाचा थोडा खट्टू झाला होता. बहीण म्हणाली, "मले दवाखान्यात नेते ना ते? मंग काहून पाहतं ठिपके?"

आता तो दर महिन्याला एक बादली गोडे पाणी आणि दोन फडकी घेऊन बसतो. गाडी पुसतो, काडीने भोके मोकळी करतो, नवा टवका दिसला तर त्याच रविवारी भरतो. ज्यांच्या दारात जुनी गाडी वा ऑटो आहे, त्यांनी येत्या रविवारी एकदा खाली वाकून पाहावे.