इतर अधिकारांचा रकाना

सातबाऱ्याचा उतारा नीट वाचणारी माणसे थोडी. आपले नाव आहे ना, क्षेत्र बरोबर आहे ना, एवढे पाहिले की तो घडी घालून पिशवीत जातो. पण त्या कागदावर एक गंमत आहे. ज्याला आपण छाती ठोकून जमिनीचा मालक म्हणतो, त्याला तिथे मालक म्हटलेलेच नाही. त्याच्यासाठी शब्द आहे ‘भोगवटादार’. आणि शेजारी आणखी एक रकाना आहे, ‘इतर अधिकार’. कुळाचे नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, हे सगळे तिथे नोंदलेले असते.

मालकीवरून आपल्याकडे जो वाद चालतो, त्यातल्या एका पक्षाला हा रकाना पुसून टाकायचा आहे. दुसऱ्याला तो इतका फुगवायचा आहे की भोगवटादाराच्या नावाला जागाच उरू नये. पहिला व्यक्तीच्या बाजूने बोलतो, दुसरा समाजाच्या. दोघे एकमेकांचे हाडवैरी, पण दोघांच्या डोक्यातले चित्र एकच. मालकी ही अखंड चीज आहे, ती कोणा एकाच्याच मुठीत असणार. वाद फक्त मूठ कोणाची एवढाच. माझा आक्षेप या चित्रावरच आहे.

आधी पहिला पक्ष, आणि तोही त्याच्या सर्वांत बळकट रूपात. ‘माझी जमीन, मी तिचे काहीही करीन’ ही केवळ मग्रुरी नाही, तिच्यामागे विचार आहे. इंग्लंडच्या जॉन लॉकने 1689 साली तो मांडला. माझा देह माझा, म्हणून माझे श्रमही माझे. कोणाच्याच नसलेल्या वस्तूत मी ते मिसळले की ती वस्तू माझी. मात्र इतरांसाठी तितकेच आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, ही अट त्याने घातली. या मांडणीचे मोल नाकारण्यात अर्थ नाही. मालकी राजाच्या मर्जीने मिळत नाही, ती घामाने मिळते, हे सांगायला त्या काळी धाडस लागत होते. आपल्याकडची ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणासुद्धा याच भावनेवर उभी आहे. 1948 च्या कूळकायद्याखाली 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी कुळे जमिनीचे खरेदीदार मानली गेली, तेव्हा न्याय झाला असेच बहुतेकांना वाटले.

पण श्रमाचा हा हिशेब शेवटपर्यंत करायला लॉकचे अनुयायी तयार नसतात. खुद्द लॉकही नव्हता. माझ्या नोकराने कापलेली हरळीची ढेकळे माझीच, असे तो त्याच प्रकरणात सांगून जातो. म्हणजे घाम नोकराचा आणि मालकी धन्याची! मग घामाचे तत्त्व राहिले कुठे? आपल्या शिवारात या. भाताची लावणी, खुरपणी, कापसाची वेचणी ही कामे मुख्यतः बायका करतात. श्रमाने मालकी येत असती तर महाराष्ट्रातले निम्मे सातबारे बायकांच्या नावावर असते. ते नाहीत, म्हणून तर शेतकरी संघटनेला 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ करावी लागली आणि गावोगाव नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला सांगावे लागले.

किमतीचेही तसेच. एखाद्याचा प्लॉट वीस वर्षे तारेच्या कुंपणात पडून राहतो. शेजारून मेट्रो जाते, स्टेशन होते, प्लॉटची किंमत कित्येक पटींनी वाढते. मालकाने घाम गाळला तो कुंपणाच्या खांबांपुरता. वाढलेली किंमत कर भरणाऱ्यांनी, रूळ टाकणाऱ्या मजुरांनी आणि रोज त्या स्टेशनावर उतरणाऱ्या लोकांनी घडवली. ती सगळी त्याच्याच श्रमाची, असे म्हणायला भलतेच धारिष्ट लागेल. खासगी मालकीचा कडवा कैवारी रॉबर्ट नॉझिक यालाही ही अडचण दिसली होती. 1974 सालच्या ग्रंथात त्याने विचारले की डबाभर टोमॅटोचा रस समुद्रात ओतला तर समुद्र माझा झाला, की माझा रस वाया गेला?

श्रमाचे तत्त्व लंगडे पडले की हा पक्ष ‘आधी आला त्याचे’ या तत्त्वाकडे वळतो. त्याचा इतिहास तर आणखी अडचणीचा. अमेरिकेत आधी कोण होते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी जमीन युरोपी पद्धतीने कसली नाही म्हणून ती मोकळीच, असे म्हणायला हाच श्रमाचा सिद्धान्त कामी आला. आपल्याकडे जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना इंग्रजांच्या वनकायद्यांनी अतिक्रमण करणारे ठरवले. आधी आलेला तिथे गुन्हेगार झाला आणि मागून आलेला मालक.

कायद्याच्या रोजच्या व्यवहारात अखंड मालकी कुठे दिसते का, तेही पाहू. माझ्या शेताच्या बांधावरून मागच्या शेतकऱ्याला जाण्यायेण्याचा हक्क मिळू शकतो आणि वहिवाटीचा रस्ता मी अडवला तर मामलेदार तो खुला करून देतो. त्यासाठीचा कायदा 1906 सालचा आहे. दुसऱ्याने माझ्या जमिनीवर उघडपणे, माझ्या हक्काला झुगारून, सलग बारा वर्षे कब्जा ठेवला आणि मी गप्प बसलो, तर माझा दावाच मुदतबाह्य होतो. मुंबईतल्या पागडीच्या खोल्यांचे काय? भाडेकरूने येताना मोठी रक्कम मोजलेली, भाडे नाममात्र, खोली दुसऱ्याला देताना पागडीत घरमालकाचा वाटा. घर कोणाचे, याला एका शब्दात उत्तर नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा व्यवहार कायदेशीर मानला. ए. एम. ऑनोरे या कायदेपंडिताने 1961 साली मालकीची फोड केली तेव्हा त्याला तिच्यात अकरा घटक सापडले: ताबा, वापर, उत्पन्न, विक्री, वारसा वगैरे. इतरांचे नुकसान होईल असा वापर न करण्याचे बंधन त्याने मालकीच्या बाहेर ठेवले नाही, त्या अकरांतच मोजले. मालकी ही मोळी आहे, ओंडका नाही.

इथे दुसरा पक्ष खूष होऊन पुढे सरसावतो. ‘मग आम्ही वेगळे काय सांगत होतो? मालकी निसर्गाने दिलेली नाही, कायद्याने दिली. कायदा सरकारचा. दिले त्याने, नेईल तो.’ या पक्षाचा गुरू जेरेमी बेंथम. कायदा नसेल तर मालमत्ताही नाही, असे त्याचे मत. बेंथमला स्वतःला मालमत्तेची सुरक्षितता प्राणप्रिय होती, पण त्याच्या अर्ध्या वाक्यावर स्वार होणाऱ्यांना त्याची पर्वा नसते.

या तर्कात खोट कुठे आहे हे आपल्याकडच्या मीमांसकांनी फार पूर्वी दाखवले आहे. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. मग सार्वभौम राजा यज्ञ करील तर त्याने पृथ्वीही दान करावी काय? मीमांसासूत्रकार जैमिनीचे उत्तर नाही असे आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. भाष्यकार शबराने स्पष्ट केले की राजा पिकांचे रक्षण करतो म्हणून त्याला पिकातला ठरावीक भाग मिळतो. त्याने तो भूमीचा स्वामी होत नाही. सारा वसूल करणे वेगळे, मालक असणे वेगळे. जमिनीचा मूळ धनी सरकार, असे गृहीत धरून बोलणाऱ्या आजच्या अधिकाऱ्यांना हा भेद पुन्हा शिकवायला हवा.

त्याहून मर्मावर बोट ठेवले ते विज्ञानेश्वराने. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. दायविभागाच्या आरंभीच तो प्रश्न घेतो: स्वत्व, म्हणजे वस्तूवरची मालकी, शास्त्रामुळे कळते की ते लौकिक आहे? पूर्वपक्ष म्हणतो, शास्त्रानेच कळते. लौकिक मानले तर ज्याच्या हातात वस्तू त्याची ती ठरेल आणि ‘माझे याने चोरले’ असे म्हणताच येणार नाही. विज्ञानेश्वर हे मान्य करत नाही. शास्त्राचा गंध नसलेल्या, सीमेवरच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, आपले-परके कळते. विकत घेतलेले आणि पळवलेले यांतला फरक लोकव्यवहारच सांगतो. म्हणून स्वत्व लौकिक.

‘शास्त्र’ या शब्दाच्या जागी ‘सरकार’ हा शब्द ठेवून पाहा. मालकी वस्तूच्या पोटात नाही, म्हणजे पहिला पक्ष पडला. पण ती राजाज्ञेच्या पोटातही नाही, म्हणजे दुसराही पडला. माणसे एकमेकांशी वागताना जो शब्द देतात आणि पाळतात, त्यातून ती उभी राहते. कायदा तिला अक्षर देतो, मोजणी करून देतो, भांडण मिटवतो. दाखला लिहून देणारा कारकून जन्मदाता नसतो.

सरकार स्वतःला जन्मदाता समजू लागले की काय होते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 सालच्या एका निकालात आहे. हिमाचल प्रदेशात एका निरक्षर विधवेची जमीन सरकारने 1960 च्या दशकात रस्त्यासाठी घेतली. संपादनाची कारवाई नाही, मोबदला नाही. पुढे ती न्यायालयात गेली तेव्हा सरकारने बचाव काय केला? आमचा इतकी वर्षे प्रतिकूल कब्जा आहे, म्हणून जमीन आमची! न्यायालयाने हा बचाव फेटाळला आणि मोबदला द्यायला लावला. ज्या सरकारने नागरिकाच्या हक्काचे रक्षण करायचे, तेच घुसखोराचा युक्तिवाद करू लागले होते. संपत्तीला चोरी ठरवून 1840 साली खळबळ उडवणारा प्रूदाँसुद्धा उत्तरायुष्यात या निष्कर्षाला आला होता की सत्तेला तोलून धरायला व्यक्तीच्या हाती मालमत्ता हवी.

आपल्या राज्यघटनेचा प्रवासही याच दोन टोकांमधून झाला. सुरुवातीला मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. जमीनसुधारणांशी त्याची टक्कर झाली. 44 व्या घटनादुरुस्तीने 1979 पासून तो मूलभूत हक्कांतून निघाला आणि अनुच्छेद 300-अ मध्ये घटनात्मक हक्क म्हणून राहिला. काहींना वाटले, हक्क मेला. 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच एका ओळीच्या अनुच्छेदातून सात उपहक्क उलगडून दाखवले. नोटीस, हरकत ऐकून घेणे, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू, रास्त मोबदला हे त्यांतले. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला मुंबईतल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतींपासून सुरू झालेल्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. प्रत्येक खासगी मालमत्ता हे समाजाचे भौतिक साधन आहे, हे 1977 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी मांडलेले मत बहुमताने नाकारले गेले. पण कोणतीच खासगी मालमत्ता तसे साधन नसते, असेही न्यायालय म्हणाले नाही. साधन कोणत्या प्रकारचे, किती दुर्मीळ, मूठभरांच्या हाती राहिले तर परिणाम काय, हे प्रत्येक वेळी तपासा, असे सांगितले. दोन्ही पक्षांच्या वर्तमानपत्री वकिलांना हा निकाल बेचव वाटला. मला तो सातबारा वाचता येणाऱ्याने दिलेला वाटतो.

आता मंडन. भोगवटादाराचे नाव ठळक असावे. वापर, उत्पन्न, विक्री यांचा पहिला हक्क त्याचा. मात्र इतर अधिकारांचा रकानाही त्याच मालकीचा भाग आहे, तिच्यावरचा डाग नव्हे. आणि त्या रकान्यात ज्याला शिरायचे आहे त्याने आपला हक्क नेमका सांगावा, सिद्ध करावा. मग तो शेजारी असो, कूळ असो, की खुद्द सरकार. ‘समाजाचे हित’ असा मोघम शेरा तिथे चालणार नाही.

यावर शंका येईल की रकाना उघडा ठेवला तर उद्या कोणीही उठून त्यात घुसेल. त्याचे उत्तर फेरफाराच्या रीतीत आहे. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात, तक्रार आली तर चौकशी होते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही रीत चावडीवर अनेकदा भ्रष्ट होते हे खरे. म्हणून ती सुधारायची, रकाना फाडायचा नाही.

अशा नोंदी होऊ शकतात हेही दिसले आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत जमीनधारकाबरोबर कूळ, बटाईदार आणि त्या जमिनीवर तीन वर्षे पोट भरणारा शेतमजूरही घेतला. मजुराचे नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हते, तरी त्याचे पोट त्या रानाला बांधलेले होते, हे कायद्याने ओळखले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा तिथला बांबू विकू शकते, जंगल विकू शकत नाही. मोळीतल्या काही काड्या गावाकडे, काही सरकारकडे. लॉकच्या मापाने ही मालकी नव्हे, बेंथमच्या अनुयायांच्या मापाने सरकारची कृपा. गावकऱ्यांना विचाराल तर ते म्हणतील, जंगल आमचेच होते, कागद आता आला.

पण बहुतेक उताऱ्यांवर तो रकाना अजून चुकीच्या कारणांनी भरलेला किंवा कोरा असतो. बँकेचा बोजा त्यात अचूक, रुपयासकट चढतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली जन्मसिद्ध वाटेकरी, केले; तरी तिचे नाव वारसनोंदीच्या वेळी ‘विसरले’ जाते, किंवा हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन माहेरची साडी हातात दिली जाते. ‘माझी जमीन’ म्हणणाऱ्या भावाने पुढच्या वेळी उतारा काढला की आधी तिथे पाहावे.