ढोलीतला कोळी बरणीत नको



शाळेमागच्या जुन्या जांभळाच्या ढोलीत एक भला मोठा केसाळ कोळी आहे, हे आता साऱ्या गावाला ठाऊक झालंय. त्याला बरणीत घालून विज्ञान प्रदर्शनात मांडावं, असं आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं मत आहे. ढोली सिमेंटनं बुजवून टाकावी, असं काही पालकांचं मत आहे. मला दोन्ही पटत नाही. का ते सांगण्याआधी एका निळ्या कोळ्याची हकिकत सांगते, कारण माझं मत त्या हकिकतीवरूनच झालं आहे.

आंध्र प्रदेशात गुत्ती नावाचं गाव आहे. मराठ्यांचे सरदार मुरारराव घोरपडे यांचा किल्ला तिथलाच. मुंबईहून चेन्नईला जाणारा रेल्वेचा रस्ता गुत्तीवरून जातो. तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक कोळी सापडला. १८९९ साली पोकॉक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं आणि ते आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अंकात छापून आलं. नाव ठेवलं पोसिलोथेरिया मेटॅलिका. मेटॅलिका म्हणजे धातूसारखा चकाकणारा.

नाव मिळालं, म्हणजे ओळख पटली असं आपण म्हणू. पण कोळी काही वखारीत राहत नसतो! तो लाकडांबरोबर मालगाडीतून आला असावा. कुठल्या रानातून, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. त्याचं घर सापडायला १०२ वर्षं लागली. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या रानात, गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, अभ्यासकांना तो जिवंत पाहायला मिळाला. जुन्या झाडांच्या ढोलीत राहायचं, दिवसा आत दडून बसायचं, रात्री किडे पकडायचे, असा त्याचा संसार.

हा कोळी पाय पसरले तर आपल्या वितीएवढा होतो. बाईंनी शाळेच्या संगणकावर त्याचा फोटो दाखवला तेव्हा आम्हाला वाटलं, कुणीतरी रंग दिलाय. पण त्याच्या अंगात निळा रंगच नाही म्हणे. केसांची अगदी बारीक ठेवण अशी असते की उजेड पडला की तो निळा होऊन परत फिरतो. मोराच्या पिसाचंही असंच असतं.

आणि हे सौंदर्यच त्याच्या मुळावर आलं. घर सापडल्यावर थोड्याच वर्षांत परदेशातल्या हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांत हा कोळी दिसू लागला. इकडे २००८ साली धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत त्याची नोंद झाली, तीही अगदी शेवटच्या पायरीवर, म्हणजे नष्ट होण्याच्या बेतात. त्याचं रान १०० चौरस किलोमीटरपेक्षाही कमी उरलंय असं तेव्हा नोंदलं गेलं. सरपणासाठी झाडं तुटत होती आणि विकण्यासाठी कोळी धरले जात होते. पुढे २०१९ साली या साऱ्या जातकुळीचा देशादेशांतला व्यापार नियमाखाली आणला गेला.

आता खरं बोलायचं तर पाळणारे सगळेच दुष्ट नसतात. उभी काचपेटी, आत झाडाची साल, पाण्याची वाटी, खायला रातकिडे, कात टाकताना अजिबात हात लावायचा नाही, इतकी काळजी ते घेतात. मादी ११-१२ वर्षं जगते, नर तीन-चार वर्षांतच संपतो, हे पेटीतल्या कोळ्यांकडे पाहूनही कळलं. पेटीत त्यांची पिल्लंही होतात. माझा चुलतभाऊ म्हणतो, "मग झालं की! पेटीत तर जात टिकली." मला हे पटत नाही. पेटीतल्या पिल्लांचे आईबाप कुठल्या रानातले, कुठल्या झाडावरचे, याचा पत्ता नसतो. रान तुटलं तर त्यांना सोडणार कुठं? घर गेल्यावर नुसता फोटो उरावा, तसं ते झालं.

काही मुलं म्हणतात, बरणीत धरल्याशिवाय ओळखायचा कसा? उलट रंगावरून ओळखायला गेलं तर फसायला होतं. निळ्या कोळ्याची पिल्लं फिकट असतात. या जातकुळीतले कोळी ओळखताना पायांच्या खालच्या बाजूचे पिवळे-काळे पट्टे बघतात. कोळी घाबरला की पुढचे पाय वर उचलतो, तेव्हा ते पट्टे दिसतात. (म्हणून काडीनं डिवचायला जाऊ नका!) आणि नर की मादी हे तर त्यानं टाकलेल्या कातेवरून, ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून सांगता येतं. म्हणजे बघा, जिवंत कोळ्याला बोटही न लावता एवढं सगळं कळतं.

आपला कोळी निळा नाही. राखाडी आहे, पाठीवर पांढरट नक्षी आहे. निळ्याच्याच जातकुळीतली रेगॅलिस नावाची जात आपल्या सह्याद्रीत आहे. आपला पाहुणा तोच असेल तर त्याला बरणीत कोंबून तालुक्याला एसटीनं हिंदकळत नेणं म्हणजे त्याला गुत्तीच्या वखारीत नेऊन टाकण्यासारखंच. नंबर येईलही. पण बरणीत जांभूळ येणार नाही आणि ढोलीही येणार नाही.

आता पालकांचं भय. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. या जातकुळीतल्या कोळ्यानं चावून माणूस मेल्याची नोंद नाही. पण चावा अतिशय दुखतो आणि स्नायूंना पेटके येतात, ते कधी कधी काही दिवस राहतात. लहान पोरांच्या आयांनी काळजी करणं बरोबरच आहे. पण हा कोळी आपण होऊन अंगावर येत नाही. उजेड दिसला की आत पळतो. ढोलीत हात घातला तरच चावेल, आणि ढोलीत हात घालू नये हे तर आजी सापाच्या भीतीनं रोजच सांगते. सिमेंट भरलं तर कोळी मरेल, वरच्या ढोलीतल्या पोपटांनाही उद्या कुणी तसंच म्हणेल, आणि जांभूळ आतून कुजेल ते वेगळंच.

त्यापेक्षा मी सुचवते ते करून पाहा. जांभळाभोवती पाच पावलांवर दगडांचं कडं करावं, पहिली ते चौथीच्या मुलांनी कड्याच्या आत जायचं नाही. शनिवारी संध्याकाळी बाई किंवा सर बरोबर असतील तेव्हाच, बॅटरीला लाल कागद लावून लांबून बघायचं. तो किती वाजता बाहेर आला, काय खाल्लं, पाऊस होता का, हे वहीत लिहायचं. झाडाखाली कात पडलेली दिसली तर काडीनं उचलून काडेपेटीत कापसावर ठेवायची. जिवंत कोळी मांडायचाच असेल तर घराच्या भिंतीवर फिरतो तो चपटा कोळी दोन दिवस बरणीत ठेवा, झाकणाला भोकं पाडून, आणि जिथून आणला त्याच भिंतीवर सोडा. पोटाखाली अंड्यांची चपटी पिशवी धरलेली मादी असेल तर तीही धरू नका.

प्रदर्शनात ती वही, झाडाचा नकाशा, पायांच्या पट्ट्यांचं चित्र आणि कात ठेवता येईल. चित्र सहावीतल्या मुलांनी काढावं, त्यांचा हात चांगला आहे. काडेपेटी आणि कापूस मी आणीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी