वजन उतरले म्हणून पेढे वाटण्याआधी

“डॉक्टर, गरम पाण्यात लिंबू पिळून घेतले की चरबी वितळते ना?” हा प्रश्न दवाखान्यात सतत येतो. माझ्या मते सगळा घोटाळा ‘वितळणे’ या शब्दात आहे. थंडीत गोठलेले तूप उन्हात पातळ होते, तसेच काहीसे पोटात होत असावे असे लोकांना वाटते. मग त्यासाठी गरम पाणी, पोटाला पट्टा, स्टीम बाथ असे सगळे उपाय सुरू होतात. पण शरीराच्या ३७ अंश तापमानाला चरबी पेशींमध्ये तेलासारखी पातळच असते. वितळायची ती राहिलेलीच नसते.

चरबीला फोडावे लागते. साठवलेल्या चरबीच्या एका रेणूत ग्लिसेरॉलच्या कण्याला फॅटी ॲसिडच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. पोट रिकामे असले किंवा आपण भराभर चालू लागलो, की ॲड्रेनॅलिनसारखी हार्मोन्स पेशीला निरोप देतात आणि लायपेज नावाची एन्झाइम्स या साखळ्या एकेक करून तोडतात. सुटलेली फॅटी ॲसिड रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून स्नायू, हृदय आणि यकृताकडे जातात. ग्लिसेरॉल यकृतात जाते आणि त्यापासून साखर तयार होऊ शकते.

चरबी सुटली म्हणजे जळाली असे मात्र नाही, आणि ‘फॅट कटर’ची पुडी विकणारे नेमके हेच सांगत नाहीत. स्नायूंना त्या वेळी इंधनाची गरज नसेल तर सुटलेल्या फॅटी ॲसिडचा बराच भाग पुन्हा बांधला जाऊन कोठारात परततो. गरज असेल तरच पेशींच्या भट्टीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, ऑक्सिजन वापरून ती जळते. दहा किलो चरबी पूर्ण जळाली तर त्यातली सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. घामाने भिजलेला टी-शर्ट म्हणजे जळलेली चरबी नव्हे. दोन ग्लास पाणी प्यायलात की ते वजन परत येते. (म्हणून नुसते जोरजोरात श्वास घेऊन बारीक होता येत नाही. भट्टीत जळेल तेवढाच धूर निघणार, उगाच भाता मारलात तर चक्कर येईल.)

या कोठाराला कुलूप लावण्याचे काम इन्सुलिन करते. जेवण झाले की इन्सुलिन वाढते आणि चरबी फोडण्याचे काम मंदावते. रात्री झोपेत ते कमी होते आणि कोठार उघडते. उपासाच्या दिवशी दर तीन तासांनी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू खाणाऱ्यांचे कुलूप दिवसभर बंदच राहते, हे जाता जाता सांगतो.

इथूनच हल्ली एक नवे तत्त्वज्ञान निघाले आहे: इन्सुलिन म्हणजे चरबीचा मित्र आणि आपला शत्रू, ते जितके कमी तितके चांगले. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून काही मधुमेही मनानेच इन्सुलिनचे डोस कमी करतात, आणि वजन उतरले की घरचे कौतुकही करतात. मला हे फार धोकादायक वाटते. इन्सुलिन अगदीच नसेल तर कोठाराचे दार सताड उघडे राहते. फॅटी ॲसिडचा लोंढा यकृतात येतो आणि यकृत त्याचे कीटोन बनवत सुटते. थोडे कीटोन चांगलेच. उपाशीपोटी मेंदू त्यावर चालतो. पण बेसुमार कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी होते आणि माणूस काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतो. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिनचा उपचार सुरू होण्याआधी टाइप १ मधुमेहाची मुले अशीच झिजून दगावत. वजन त्यांचेही उतरत होतेच.

म्हणून, काहीही प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर आधी साखर तपासा, अभिनंदन नंतर. लहान मूल भरपूर खाऊनही वाळत असेल, सारखे पाणी पीत असेल, लघवी वाढली असेल, किंवा अंथरूण ओले करणे बंद झाल्यावर पुन्हा सुरू झाले असेल, तर ‘उंची वाढतेय म्हणून बारीक झालाय’ असे म्हणत आठवडा घालवू नका. ग्लुकोमीटरवर एक थेंब रक्त पुरते, आणि ते त्याच दिवशी तपासा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ताप आला किंवा जेवण गेले नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नये; डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारावे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनच्या गोळ्या चालू असतील तर नवरात्राचे कडक उपास धरण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण या गोळ्यांवर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास ही लक्षणे मधुमेह्यात दिसली, तर मीटरवरचा आकडा बरा दिसतो म्हणून घरी थांबू नका. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.