कुंपणात कोंडलेलं हरीण, ती शिकार कसली?

अमेरिकेत हरणाची शिकार कायद्याने चालते. लायसन्स काढायचं, हंगाम पाळायचा. धनुष्यबाणवाल्याला तर हरणाच्या 20-30 मीटरपर्यंत जावं लागतं. वारा फिरून माणसाचा वास गेला की हरीण पसार. म्हणून या शिकारीला मान आहे.

टेक्सास राज्यात मात्र रानाला 8 फुटी जाळीचं कुंपण घालून शिकार विकली जाते. मोठ्या शिंगांसाठी पैदास केलेले नर आत सोडतात, गिऱ्हाईक हजारो डॉलर मोजतं. हेही कायद्यात बसतं. वाद आहे तो इथंच.

1887 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब आणि धनुष्यवाल्यांचा पोप अँड यंग क्लब, दोघंही असली शिंगं विक्रमात धरत नाहीत. जनावराला निसटायची खरी संधी हवी, हा त्यांचा नियम. जमीनमालक म्हणतात, जमीन आमची, खर्च आमचा, नुसत्या गुरांवर भागत नाही.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण दाटीत पाळलेली हरणं ट्रकातून इकडून तिकडे गेली की रोगही जातो. हरणाला झिजवून मारणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ तिथल्या पाळीव कळपात 2015 साली सापडला. त्यावर औषध नाही. कमाई मालकाची, धोका मात्र बाहेरच्या हरणांना. आणि टेक्सासच्या कायद्यात रानातलं हरीण जनतेचं आहे.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने हौसेची शिकार बंदच आहे. रानडुकरानं पीक लोळवलं तरी मारायला वनखात्याची परवानगी लागते. जमीन सातबाऱ्यावर चढते, रानातलं जनावर चढत नाही.