संगणनातला आमचा वाटा : बीड जिल्ह्यातल्या संशोधकांचा जाहीरनामा

आम्ही बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, आष्टी इथल्या महाविद्यालयांत शिकवणारे आणि पीएच.डी. करणारे लोक आहोत. संशोधनाला लागणारी संगणनक्षमता ही सार्वजनिक सोय आहे आणि तिच्यात आमचा हक्काचा वाटा आहे, हे आम्ही जाहीर करतो. बीडला महासंगणक द्या, अशी आमची मागणी नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, नाहीतर कुणीतरी भूमिपूजनाचा नारळ घेऊन यायचं.

जिल्ह्यातल्या एखाद्या रसायनशास्त्र विभागात संध्याकाळनंतर डोकावा. कोपऱ्यात एक पीसी घरघरत असतो आणि मॉनिटरवर चिठ्ठी असते : ‘बंद करू नये, काम चालू आहे.’ पन्नास-साठ अणूंच्या रेणूची सर्वांत स्थिर रचना शोधणं चाललेलं असतं. वीज जाते, यूपीएस थोडा वेळ ओरडतो आणि गप्प होतो. सकाळी विद्यार्थी येतो तो चेकपॉइंटची फाइल शाबूत आहे का, हे आधी बघतो. नसली तर पहिल्यापासून. सोळा कोअरच्या यंत्रावर महिनाभर चालणारं काम म्हणजे साडेअकरा हजार कोअर-तास. सामायिक यंत्रणेतले चारशे कोअर मिळाले, तर कागदावर ते एकोणतीस तासांत उरकतं. प्रत्यक्षात भागाकार इतका सरळ होत नाही, पण महिन्याचं काम दोन-तीन दिवसांवर येतं. म्हणजे अशी यंत्रणा हाताशी असलेल्या पुण्यातल्या विद्यार्थ्यानं एका सत्रात दहा कल्पना तपासून नऊ टाकून दिलेल्या असतात, तेव्हा आमचा पहिलीच कल्पना तडीला नेत असतो. याला बुद्धिमत्तेतला फरक म्हणणाऱ्यांशी आम्हाला वाद घालायचा नाही. फक्त त्यांनी एकदा ती चिठ्ठी वाचावी.

प्रश्न तर आमच्याकडे ढिगानं आहेत. पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ 2020 साली इथे सुरू झाला आणि पुढे राज्यानं उचलला. कंपनीचा नफा वीस टक्क्यांवर थांबवायचा आणि भरपाई 110 टक्क्यांपुढे गेली तर भार सरकारनं घ्यायचा, हे ते सूत्र. गेल्या पन्नास वर्षांचा पाऊस एकेका महसूल मंडळावर हजार-हजार वेळा चालवून शेतकऱ्याच्या हाती काय पडलं असतं ते पाहायचं, तर साधा लॅपटॉप पुरत नाही. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेलं आमचं सीताफळ आहे.

आणि ऊसतोड महिला. 2019 च्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. वय, हंगाम, मुकादमाची उचल, दवाखाना यांचा परस्परसंबंध तपासण्याचं काम अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि आमच्या आवारातच व्हायला हवं. अशी नाजूक माहिती पेनड्राइव्हवर या टेबलावरून त्या टेबलावर फिरता कामा नये. ती एका सुरक्षित जागी राहावी आणि संशोधकानं तिथेच जाऊन काम करावं. सामायिक यंत्रणा हवी याचं आमच्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि वेगाच्या गप्पांत नेमकं तेच राहून जातं.

देशात यंत्रं नाहीत, असंही नाही. सी-डॅकची स्थापना 1988 साली पुण्यात झाली आणि 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. राष्ट्रीय महासंगणन अभियान 2015 मध्ये 4,500 कोटींच्या तरतुदीनं मंजूर झालं. ‘परम ब्रह्म’ पुण्याच्या आयसरमध्ये आहे. सप्टेंबर 2024 मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे ‘परम रुद्र’ सुरू झाले. इंडियाएआय अभियानाला 10,372 कोटी मंजूर झाले आणि त्यातून जीपीयू सवलतीच्या दरानं तासावर मिळू लागले. पण ज्याच्या नावावर प्रकल्पच नाही, त्यानं तो सवलतीचा दर तरी कुठून भरायचा? पाणी धरणात आहे, आम्ही कालव्याच्या टेलला आहोत. जायकवाडीच्या कालव्यावर शेती करणाऱ्यांच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या वाट्याला येतात ते मार्चअखेरचे पैसे. फेब्रुवारीत पत्र येतं, जेम पोर्टलवर घाईनं खरेदी होते, उपयोगिता प्रमाणपत्र जातं आणि नॅकच्या समितीला दाखवायला सर्व्हर उभा राहतो. वार्षिक देखभाल कराराला (एएमसी) पैसा नसतो आणि सांभाळायला माणूसही नसतो. तीन वर्षांनी त्याची जागा डेड स्टॉक रजिस्टरात. प्रत्येक महाविद्यालय आपापला छोटा सर्व्हर घेतं आणि तो बहुतेक वेळ रिकामा असतो. ज्या दिवशी खरी गरज पडते, त्या दिवशी तोच अपुरा पडतो.

अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला आणि बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी धावली 17 सप्टेंबर 2025 रोजी. तीस वर्षं उशिरा आली तरी ती रेल्वेच आहे, आणि आम्ही तिच्यात बसतो. संगणकाचं तसं नाही. पाच-सहा वर्षांत तो जुना होतो आणि मग तो काम देतो त्यापेक्षा वीज जास्त खातो. म्हणून एकरकमी अनुदान या कामाला चालतच नाही. मात्र त्या रेल्वेतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे : निम्मा खर्च राज्यानं घेतला होता. जर्मनीनं 2021 पासून विद्यापीठांच्या महासंगणकांसाठी अशीच सोय केली. वर्षाला सुमारे सव्वासहा कोटी युरो, निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्यांचे, दहा वर्षांच्या बोलीवर. संशोधक कुठल्याही विद्यापीठातला असो, त्याला अर्ज करता येतो.

घरचं उदाहरण तर पुण्यातच आहे. जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं 1988 साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती मुळातच सगळ्या विद्यापीठांची म्हणून. दूरच्या महाविद्यालयातला शिक्षक तिथे सहयोगी म्हणून जातो, राहतो, तिथली साधनं वापरतो आणि परत येऊन आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावतो. खगोलशास्त्राला जे साधलं, ते बाकीच्या विषयांना का साधू नये?

तेव्हा आमचं म्हणणं असं आहे. राज्यानं सार्वजनिक विद्यापीठांसाठी एकच सामायिक संगणन यंत्रणा उभारावी आणि तिच्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवावं, दर वर्षीचं. दर शंभर रुपयांतले पन्नासच यंत्रावर जावेत. उरलेले वीज, देखभाल आणि माणसांसाठी. यंत्र बीडमध्ये असण्याचा हट्ट नाही. परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी 2013 आणि 2015 साली बंद ठेवावं लागलं होतं. तिथल्याच गावांच्या पाण्यावर आणखी एक शीतकरण यंत्रणा बसवा, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. जिथे वीज-पाणी आहे तिथे यंत्र ठेवा. आमच्यापर्यंत राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कची चालू स्थितीतली जोडणी आणा. ते नेटवर्क 2010 साली मंजूर झालं आहे.

यंत्रणेचा चौथा हिस्सा वेळ ग्रामीण महाविद्यालयांसाठी राखून ठेवा. पहिल्या पाच हजार कोअर-तासांना मार्गदर्शकाची सही पुरे, त्यासाठी चाळीस पानी प्रस्ताव नको. आणि खातं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकालाही मिळालं पाहिजे. कायम नेमणुकीची अट घातली, तर आमच्यातले निम्मे जण दारातच अडतील.

सर्वांत जास्त भांडणार आहोत ते माणसासाठी. प्रत्येक जिल्ह्यात एक पूर्णवेळ, पगारी संगणन सहायक हवा. लिनक्सची भीती घालवणारा, जॉब रांगेत का अडकला ते मराठीत सांगणारा, आठवड्यातून एकेका तालुक्याला जाणारा. त्याच्या पगाराची सुरुवात जिल्हा नियोजन समितीनं करावी. असा माणूस नसेल, तर यंत्रणेतलं खातं असून नसल्यासारखं.

‘वर्गाचं छप्पर गळतंय आणि तुम्हाला महासंगणक सुचतोय’, असं आमचेच काही सहकारी म्हणतात. छप्पर गळतंय, हे खरं आहे. पण छपराचे पैसे वाचवून आजवर कुणी आम्हाला संगणक दिला नाही, आणि संगणक नाकारून छप्परही शाकारलं नाही.

या चळवळीला अजून नाव नाही, लेटरहेड नाही, अध्यक्षही नाही. पहिलं काम ठरलं आहे. येत्या दोन महिन्यांत प्रत्येक महाविद्यालयानं आपल्याकडचे सर्व्हर, ते महिन्यातून किती तास चालतात आणि कुणाचं कुठलं काम यंत्राअभावी अडलं आहे, याची यादी करायची. यादी एका पानाची असावी. महाविद्यालयांची नावं आम्ही जाहीर करणार नाही, फक्त बेरीज करणार आहोत. ती बेरीज अधिसभेतल्या ठरावाला जोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे द्यायची आणि विद्यापीठानं ती अर्थसंकल्पाच्या आधी मंत्रालयात पोहोचवावी, असा आग्रह धरायचा. यादी करताना डेड स्टॉकमधलं यंत्र लपवू नका. ते कधी घेतलं आणि कधीपासून बंद आहे, एवढं लिहिलं तरी चालेल.