बेरजेवरून पोराला नाव ठेवू नका



गेल्या महिन्यात माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघरात कागदावर टिक करत बसली होती. पुतण्या दहा वर्षांचा आहे. जत स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ, पण वर्गात एक मित्र नाही, आणि कुकरची शिट्टी झाली की कान दाबून परसात पळतो. लांबच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्याने प्रश्नावली पाठवली होती. भरून फोटो पाठवा म्हणाले. आठवड्याने पाच मिनिटांचा फोन आला, "अ‍ॅस्पर्जर आहे." पोराला कुणी पाहिलंसुद्धा नाही!

मला राग आला तो इथे. प्रश्न काय होते बघा. ठरावीकच पदार्थ खातो का? वेळ चुकली तर चिडतो का? जाऊ मला विचारते, "ताई, काय लिहू?" आपल्या घरात कांदा, लसूण, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. वाढदिवसाला गेलेलं पोर बटाटेवड्याला हात लावत नाही, हा त्याचा स्वभाव की आपली शिकवण? कागदावर हे लिहायला जागाच नव्हती.

पण खरं सांगायचं तर दुसरी बाजूही आहे. ताट वाढायला दोन मिनिटं उशीर झाला तर तो भिंतीवर डोकं आपटायचा, आणि मी चार बायकांत कौतुकाने सांगायची, "आमचं पोरगं फार धार्मिक!" आपल्या नियमांच्या आड त्याचा त्रास झाकला गेला, तो झाकणाऱ्यांत मीही होते. म्हणजे त्या एका प्रश्नाला 'हो' लिहिलं तरी चूक, 'नाही' लिहिलं तरी चूक. नजरेला नजर देतो का, याचंही तेच. महाराजांसमोर, मोठ्यांसमोर मान खाली घालायला आपणच शिकवतो. २०१३ च्या एका अभ्यासात ब्रिटन, भारत आणि मलेशियातल्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली दिली, तर आपल्याकडच्यांचे आणि मलेशियातल्यांचे गुण ब्रिटिश मुलांपेक्षा जास्त भरले. मग काय, आपल्याकडची पोरं जास्त आजारी म्हणायची?

ती प्रश्नावली सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाची, २००१ ची, मोठ्या माणसांसाठी, ५० प्रश्नांची. मोबाईलवर 'तुम्हाला ऑटिझम आहे का' म्हणून जी फिरते ती बहुतेक हीच. त्यांच्या अभ्यासात निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांना ३२ किंवा जास्त गुण पडले, इतरांपैकी फक्त २ टक्क्यांना. ऐकायला छान वाटतं. आता किराण्याचा करतो तसा हिशेब करा. दहा हजार माणसांत शंभरजण ऑटिझमचे धरले, तर त्यातले ८० सापडतील. उरलेल्या ९,९०० चे २ टक्के म्हणजे १९८. गुण जास्त पडलेल्यांत ऑटिझम नसलेलेच दुपटीहून जास्त! ही प्रश्नावली निदानासाठी नाही, असं करणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आणि ते नाव? व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी अशा मुलांवर १९४४ मध्ये लिहिलं, लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये ते नाव रुळवलं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या निदानपुस्तिकेने ते काढून ऑटिझममध्येच घातलं. फोनवर सांगणाऱ्याने एवढंही सांगितलं नाही.

आपल्या देशाची मोजपट्टी आहे, आयएसएए, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये केलेली. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० च्या खाली आलं तर ऑटिझम नाही. ती आईने घरी बसून भरायची नसते. तपासणारा मुलाजवळ बसतो, बघतो, आईबापांना विचारतो. पण चाळीसपैकी नऊ मुद्दे बोलण्या-संवादाचे, आणि आमचा गडी रेडिओसारखा बोलतो. तिथे तो ७० च्या खाली राहू शकतो, आणि मग सवलतीचा कागद नाही. एका कागदाने 'आहे' म्हणायचं, दुसऱ्याने 'नाही'. पोर तेच.

म्हणून कागद फाडून टाका म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. "आपल्यात असलं काही नसतं," "कर्माचा उदय आहे, सोसायचं," हे ऐकत ऐकतच पोराने शाळेत दोन वर्षं मार खाल्ला. त्या कागदामुळे निदान घरात बोलणं तरी सुरू झालं.

बोलता बोलता सासूबाई बोलल्या. त्या जतच्या पूर्वभागातल्या, मायबोली कन्नड. पोर दिवसभर त्यांच्याजवळ वाढलं, पण त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. म्हणाल्या, तीन वर्षांचा असताना हा ज्वारीची कणसं ओळीत लावायचा, एक सरकवलं की संध्याकाळपर्यंत रडायचा, आणि हाक मारली तर वळून बघायचा नाही. लहानपणाची हीच हकिकत निदान करणाऱ्याला सगळ्यात आधी हवी असते. ती मराठी-इंग्रजी कागदात कुठून येणार?

पुढच्या मंगळवारी मिरजेला जातोय, पोराला समोर बसवून बघणाऱ्या डॉक्टरांकडे. भरलेली प्रश्नावली बरोबर आहे, जावेने प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने 'का' ते लिहिलंय. सासूबाईही येणार आहेत. तिथे कन्नड समजणारं कुणी नसलं तर दुभाषी म्हणून मी आहेच.