कल्पनाविश्वातील मतमोजणी

वाचक सध्या काय वाचत आहेत, या प्रश्नाचे उत्तर एरवी समीक्षक देतात किंवा प्रकाशक. विज्ञानकथा आणि फॅण्टसी या दोन साहित्यप्रकारांत मात्र गेली सत्तर वर्षे हे उत्तर वाचक स्वत: मतदान करून देत आले आहेत. १९५३ साली सुरू झालेल्या ‘ह्युगो’ पुरस्काराला ना परीक्षक मंडळ आहे, ना अकादमी. ‘वर्ल्डकॉन’ या जागतिक संमेलनाची वर्गणी भरणारा कोणीही पुस्तकाचे नाव सुचवू शकतो आणि अंतिम यादीवर पसंतीक्रमाने मत देऊ शकतो. संमेलन संपल्यानंतर नव्वद दिवसांच्या आत मतांची सविस्तर आकडेवारी जाहीर करावी लागते, असा नियम आहे. हा नियम किती मोलाचा आहे, हे २० जानेवारी २०२४ रोजी दिसून आले.

आदल्या वर्षीचे संमेलन ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील चेंगदू शहरात भरले होते. नव्वद दिवसांची मुदत संपता संपता त्याची आकडेवारी प्रसिद्ध झाली. आर. एफ. कुआंग यांची ‘बॅबेल’ ही कादंबरी अंतिम यादीत का आली नव्हती, याचे आश्चर्य अनेकांना होतेच. याच कादंबरीने त्या वर्षी ‘नेब्युला’ पटकावला होता. नव्या तक्त्यात तिच्यापुढे भरपूर मते दिसली आणि त्यांच्यासमोर एकच शब्द होता : अपात्र. कारण दिलेले नव्हते. शीरान जे झाओ हे नाव नवोदितांच्या पारितोषिकातून असेच गळले होते. नील गेमन यांच्या ‘सॅण्डमॅन’ मालिकेचा एक भागही अपात्र ठरला होता.

या घटनेचा अर्थ लागण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले. त्यातील पत्रव्यवहाराच्या सदरात ते पत्रलेखकांचे पत्तेही छापत. त्यामुळे वाचक संपादकाला सोडून परस्परांनाच पत्रे लिहू लागले. त्यातून मंडळे निघाली, हाताने छापलेली पत्रके निघाली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले. ‘आमच्या साहित्याची प्रतवारी आम्हीच लावू’ हा या वाचकांचा बाणा तेव्हापासूनचा आहे. उच्चभ्रू साहित्यजगताने त्यांना दारात उभे केले नाही, म्हणून त्यांनी स्वत:चे घर बांधले.

या घरात भांडणेही झाली. २०१५ मध्ये अमेरिकेतील उजव्या विचारांच्या दोन गटांनी संगनमताने नावे सुचवून अंतिम यादी जवळजवळ काबीज केली. उर्वरित मतदारांनी पाच विभागांत ‘कोणालाही पुरस्कार नको’ हा पर्याय निवडून त्यांना उत्तर दिले. त्या गदारोळात मार्को क्लूस या लेखकाने गटबाजीमुळे मिळालेले नामांकन नाकारले. त्या रिकाम्या जागेवर आली लिऊ त्सशिन यांची ‘द थ्री बॉडी प्रॉब्लेम’, आणि तीच जिंकली. मूळ आशियाई भाषेतून अनुवादित झालेल्या कादंबरीला ह्युगो मिळण्याची ती पहिली वेळ होती.

ही कादंबरी २००६ मध्ये प्रथम क्रमश: छापली ती चेंगदूहून निघणाऱ्या ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ या मासिकाने. केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ मध्ये आला. सांस्कृतिक क्रांतीतील अत्याचाराचे दृश्य चिनी पुस्तकात मध्यावर दडवलेले होते. इंग्रजीत ते पहिल्या पानावर आले. एका देशात काय मागे ठेवावे लागते आणि दुसऱ्या देशात ते कसे पुढे आणता येते, याचा धडा या एकाच ग्रंथात होता. पुढे २०२१ मध्ये चेंगदूने कॅनडातील विनिपेगला हरवून संमेलनाचे यजमानपद मिळवले, तेव्हा अनेकांनी त्याचे स्वागत केले. जगातील कदाचित सर्वात मोठ्या विज्ञानकथा-वाचकवर्गाला अखेर मताचा अधिकार मिळणार होता.

तो मिळाला का? फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन पत्रकार-लेखकांनी संयोजकांमधील अंतर्गत ई-मेल उघड केले. मतमोजणीचे काम पाहणारे हे स्वयंसेवक चिनी नव्हते. अमेरिका आणि कॅनडातून आलेले, वर्षानुवर्षे हेच काम करणारे जुनेजाणते चाहते होते. त्यांनी नामांकित लेखकांच्या लिखाणाची आणि समाजमाध्यमांवरील मतप्रदर्शनाची छाननी केली होती. चीन, तैवान, तिबेट यांविषयी कोण काय बोलले, याची टिपणे काढली होती. एका अमेरिकी समीक्षकाच्या नावापुढे तिबेटला भेट दिल्याची नोंद होती. प्रत्यक्षात ते गृहस्थ नेपाळला गेले होते! सेन्सॉरशिपमध्ये असला अडाणीपणा नवा नाही, पण इथे तो भीतीपोटी आगाऊ केलेल्या सेवेतून आला होता. यजमान देशाला जे नकोसे वाटेल असे वाटले, ते पाहुण्यांनी आधीच उचलून बाजूला ठेवले.

पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी या प्रकरणात कुआंग आणि गेमन यांच्यावरील अन्यायाची बरीच चर्चा केली. माझ्या मते अधिक मोठा अन्याय चिनी वाचकांवर झाला आणि त्याची चर्चा मात्र कमी झाली. त्याच ई-मेलवरून असे दिसते, की चीनमधील एका शिफारस-यादीशी जुळणारी चिनी नावे संगनमताच्या संशयावरून बाजूला काढण्यात आली. शिफारस-यादी प्रसिद्ध करण्यास ह्युगोच्या नियमांत बंदी नाही. इंग्रजी मासिके आणि समीक्षक दरवर्षी अशा याद्या देतात. २०१५ मध्ये संगनमत उघड दिसत असूनही अमेरिकी मते नियमानुसार मोजली गेली होती. उपाय म्हणून पुढे, २०१७ पासून, नामांकनांच्या मोजणीची पद्धत बदलण्यात आली. मते फेकून देण्यात आली नव्हती. मग पहिल्यांदाच मोठ्या संख्येने मत देणाऱ्या चिनी वाचकाला वेगळा न्याय का?

अर्थात, काही हजार मतदारांचा हा पुरस्कार म्हणजे चाहत्यांचे संपूर्ण वाचन नव्हे. पुस्तकांच्या दुकानात मोजणी निराळी होते. रेबेका यॅरोस यांची ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये आली आणि पहिल्या आठवड्यात तिच्या २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. प्रौढांसाठीची कादंबरी वीस वर्षांत इतक्या वेगाने खपली नव्हती. ड्रॅगन, युद्धविद्यालय आणि उत्कट प्रेमकथा अशा या मिश्रणाला ‘रोमॅण्टसी’ असे नाव पडले आहे. सारा जे. मास या त्याच्या आद्य सम्राज्ञी. त्यांच्या पुस्तकांच्या बळावर ‘हॅरी पॉटर’च्या ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने फेब्रुवारी २०२४ अखेरच्या वर्षात विक्रमी उलाढाल नोंदवली.

या पुस्तकांकडे नाक मुरडण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. त्यांच्या वाचकांत बहुसंख्य तरुण स्त्रिया आहेत आणि ज्या साहित्यप्रकारात अनेक दशके नायिका म्हणजे मुखपृष्ठावरची शोभा होती, तिथे त्यांनी आपल्या आवडीची दुनिया उभी केली, यात वावगे काय? पण ही आवड पसरते कशी, हे पाहिले पाहिजे. ‘टिकटॉक’वरील वाचक मंडळी, म्हणजे ‘बुकटॉक’, हे तिचे मुख्य वाहन. भारतात जून २०२० पासून टिकटॉकवर बंदी असली, तरी तीच पुस्तके इन्स्टाग्रामच्या वाटेने पुण्या-मुंबईच्या दुकानांतील दर्शनी टेबलांवर पोहोचलीच. कोणती चित्रफीत कोणाला दाखवायची, हे कंपनीचे गणित ठरवते आणि त्या गणिताचा तक्ता कोणी नव्वद दिवसांत प्रसिद्ध करत नाही.

तिसरा मार्ग थेट लेखकाच्या दारात जाणारा आहे. ब्रॅण्डन सॅण्डरसन यांनी मार्च २०२२ मध्ये चार नव्या कादंबऱ्यांसाठी ‘किकस्टार्टर’वर आवाहन केले. १ लाख ८५ हजारांहून अधिक वाचकांनी चार कोटी डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ भरली. मॅट डिनिमन यांची ‘डंजन क्रॉलर कार्ल’ ही मालिका २०२० मध्ये त्यांनी स्वत:च प्रसिद्ध केली. व्हिडीओ गेमच्या नियमांवर चालणारी, मांजरीसह भुयारात अडकलेल्या माणसाची ही खुळी वाटणारी कथा इतकी वाचली गेली, की मोठ्या प्रकाशकाला २०२४ मध्ये तिची पुठ्ठाबांधणीची आवृत्ती काढावी लागली. ज्यांना आधीच चाहते आहेत किंवा जे सातत्याने लिहून ते जमवू शकतात, त्यांना या मार्गाने स्वातंत्र्य मिळते.

पण लेखक पूर्वी घडत ते मासिकांत, आणि मासिके क्षीण झाली आहेत. अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये किंडलवरील नियतकालिकांची वर्गणी योजना बंद केल्याने त्यांचे उत्पन्न घटले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ला यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ साहित्य स्वीकारणेच थांबवावे लागले. यंत्रांच्या बंडाच्या कथा छापणाऱ्या मासिकाचे दार यंत्रांच्या रटाळ कथांनी अडवावे, हे कोणत्याही विज्ञानकथालेखकाला सुचले नसते. २०२५ मध्ये ‘अ‍ॅनालॉग’, ‘असिमोव्हज’ आणि ‘फॅण्टसी अ‍ॅण्ड सायन्स फिक्शन’ ही तिन्ही जुनी नावे एकाच नव्या मालकाकडे गेली.

मासिक आणि स्पर्धा यांचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली, की जयंत विष्णू नारळीकर! परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, कथा वाचून निवड करावी, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेला हा लेखक २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तला. निवड प्रामाणिक हवी, एवढ्यासाठी स्वत:चे नाव लपवणारा लेखक एकीकडे आणि लेखकाचे नाव व मते तपासून पुस्तक बाजूला काढणारे मोजणीदार दुसरीकडे, असे हे विलक्षण अंतर आहे.

तरीही चेंगदूच्या प्रकरणानंतर ह्युगोला निकालात काढणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. तिथे लबाडी झाली हे आपल्याला कळले, कारण आकडे छापणे सक्तीचे होते आणि ते आकडे तपासण्याची सवय असलेले हट्टी वाचक होते. प्रकाशक पुढच्या वर्षी काय छापणार, हे अशाच कोणत्या तरी यादीवर ठरते. ती यादी तपासता येण्याजोगी असणे ही चैन नव्हे. विशेषत: अनुवादकाच्या भरवशावर असलेल्या चिनी, सिंहली किंवा मराठी लेखकासाठी तर नव्हेच, त्यांच्या पुस्तकासाठी चित्रफितींचा पाऊस पडण्याची शक्यता थोडी, पण काहीशे चोखंदळ वाचकांची मते त्यांना पुढे आणू शकतात. श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ ही इंग्रजी कादंबरी २०२४ मध्ये नेब्युलापर्यंत पोहोचली, ती विक्रीच्या उच्चांकामुळे नव्हे.

२०२४ चे संमेलन ग्लासगोला भरले. निकालाआधीच संयोजकांनी ३७७ मते बाद केल्याचे जाहीर केले. मतदारांची एक रांग अशी होती, की आडनाव तेच, फक्त पहिले अक्षर वर्णमालेच्या क्रमाने बदललेले; दुसऱ्या रांगेत नावे म्हणजे ओळीने आकड्यांची भाषांतरे. ही मते एका स्पर्धकाच्या फायद्यासाठी होती, मात्र त्या स्पर्धकाला याची कल्पना असल्याचा पुरावा नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले आणि नाव गुप्त ठेवले. एकूण मतांच्या जवळपास दहा टक्के मते बाद होऊनही पुरस्कार वेळेवर दिले गेले. २०२३ च्या पुरस्कारांसाठी मात्र फेरमतदान झाले नाही. त्या वर्षीच्या अधिकृत तक्त्यात ‘बॅबेल’पुढे तो एकच शब्द आजही आहे.